चौदा नंबरचे दोन लॉट

जगदीश रामटेक्यांनी तेहेतीस वर्षांच्या नोकरीत किती लोखंड नापास केलं, ते त्यांना स्वतःलाही सांगता यायचं नाही. पण ज्यांचं केलं त्यांच्या ते बरोब्बर लक्षात होतं. जबलपूरच्या एका सरकारी फॅक्टरीत ते एग्झामिनर होते. तोफगाड्यांचे सुटे भाग टेबलावर यायचे, रामटेके गेज लावायचे, टिचकी मारून आवाज ऐकायचे, आणि जरा शंका आली की तांबड्या रंगाचा पट्टा ओढायचे. रिटायर होऊन दोन वर्षं झाली, रंगाचा डबा फॅक्टरीतच राहिला, पण हात काही सुधारला नाही. भाजीवाल्याचे टमाटे, बायकोच्या पोळ्या, पाहुण्यांनी पोरीसाठी आणलेली स्थळं, सगळं या माणसाच्या टेबलावरून जायचं, आणि बहुतेक सगळं परत जायचं.

त्यांच्या टेबलाचे दोन नियम होते. पहिला, लॉट मिसळायचे नाहीत. लॉट म्हणजे एका दिवशी एका मशीनवर बनलेला माल. कालचा आणि आजचा माल एका टोपल्यात पडला की चांगल्याचं वाईट होतं आणि वाईटाचं चांगलं. मग तपासणीला काही अर्थच राहत नाही. दुसरा नियम कुठं लिहिलेला नव्हता, तरी सगळे पाळायचे: आपल्या माणसाचा लॉट आपण तपासायचा नाही. रामटेक्यांचा साळा नथ्थू त्याच फॅक्टरीत लेथवर होता. त्याचा माल आला की रामटेके मान वर न करता म्हणायचे, "दुसऱ्या टेबलावर." नथ्थू चिडायचा. "भाऊजी, एवढा काय माझ्यावर अविश्वास?" रामटेके सांगायचे, "तुझ्यावर नाही रे बाबा, माझ्यावर."

असा नियमाचा पक्का माणूस एकदा चुकला, आणि चुकला तोही कुठं, तर पोटच्या पोरीच्या बाबतीत.

यशोधरा त्यांची एकुलती एक. युनिव्हर्सिटीच्या बास्केटबॉल टीमची कॅप्टन. बॉल घेऊन उडाली की समोरच्या पोरी नुसत्या बघत राहायच्या. दोन वर्षांपूर्वी, रामटेके रिटायर झाले त्याच महिन्यात, एका मॅचमध्ये ती अशीच उडाली आणि खाली येताना डाव्या पायावर वाकडी पडली. गुडघ्यातला लिगामेंटचा दोर तुटला. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात घाबरलेल्या रामटेक्यांच्या तोंडून मोठ्यानं निघून गेलं, "संपला हिचा खेळ. बस झालं आता." दरवाजा उघडा होता. आत पलंगावर पोरगी जागी होती.

ऑपरेशन झालं. दहा महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, गुडघा पक्का आहे, खेळा बिनधास्त. त्यालाही वर्ष होऊन गेलं, तरी यशोधराची बुटांची पिशवी दाराआडच्या खिळ्यालाच लटकलेली. ती घरूनच एका कंपनीचं आकडेमोडीचं काम करायची, आणि कोर्टचं नाव निघालं की उठून पाणी प्यायला जायची. त्या पिशवीकडं नजर गेली की रामटेके ताट सारून उठायचे. त्यांची बायको बेबी स्पष्ट बोलायची, "तुम्हीच बोलले होते ना? मग तुम्हीच उलटं बोला." पण तेहेतीस वर्षांत एकदा ओढलेला पट्टा पुसायची सवय कुणाला होती? रामटेके गप्प बसायचे. वाईट वाटायचं, फार वाटायचं, पण गप्प बसायचे.

बास्केटबॉलशी यशोधराचा एकच धागा उरला होता, तो म्हणजे कागदावरचा खेळ. युनिव्हर्सिटीच्या टीममधल्या सहा मैत्रिणी दरवर्षी मे महिन्यात व्हिडिओ कॉलवर जमायच्या आणि अमेरिकेतल्या बायकांच्या लीगमधल्या खऱ्या खेळाडू आपसात वाटून घ्यायच्या. याला त्या ड्राफ्ट म्हणायच्या. पाळीपाळीनं एकेक नाव उचलायचं. एकीनं उचललेलं दुसरीला मिळत नाही. मग सीझनभर त्या खेळाडूंनी खऱ्या मॅचमध्ये जे केलं, त्याचे गुण आपल्या खात्यावर. रामटेक्यांनी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे पळायचं त्यांनी आणि घाम तुम्ही पुसायचा."

पण या सहाजणींच्या दोन रीती मात्र त्यांच्या त्यांच्याच होत्या. ड्राफ्टच्या आधी प्रत्येकीनं लीगमधली एक टीम पारखून सगळ्यांसमोर वाचायची, आणि खरं तेच वाचायचं. लपवाछपवी सापडली तर पहिली पाळी गेली. आणि शेवटची फेरी "घरचा गडी" म्हणून असायची. त्यात अमेरिकेतलं नाही, आपल्या सहाजणींतलंच एक नाव उचलायचं. ती जिथं कुठं खेळत असेल, ऑफिसच्या टीमकडून, मोहल्ल्याच्या क्लबकडून, तिथले तिचे गुण धरायचे. दोन वर्षांपासून या यादीत पाचच नावं होती. सहावं यशोधरानं स्वतःच्या हातानं काढून टाकलं होतं.

यंदा तिच्या वाट्याला हेरॉन्स नावाची टीम आली होती. भर दुपारी कूलरसमोर बसून ती मागच्या सीझनच्या मॅच बघत होती. रामटेके कूलरमध्ये पाणी टाकायला बादली घेऊन आले आणि बादली तशीच हातात धरून उभे राहिले.

"ही तीन नंबरवाली एका पायावर उतरते," ते म्हणाले.

"पप्पा, ती टीमची स्टार आहे. मॅचला वीस पॉइंट."

"असू दे. मागं घे जरा. हे बघ, शेवटच्या भागात हात कमरेवर ठेवून राहिली. दम नाही हिच्यात."

यशोधरानं हसत हसत आकडे काढले, आणि हसायची थांबली. तीन नंबरचे शेवटच्या दहा मिनिटांतले नेम खरंच निम्म्यानं चुकत होते. "अरे यार," ती म्हणाली, "पप्पा, बसा इथं."

झालं. आठवडाभर बापलेकीची शाळा सुरू झाली. ती आकडे काढायची, हे डोळे लावायचे. पेन्सिल कानावर, जुनी डायरी मांडीवर. पहिल्याच दिवशी तेरातल्या अकराजणी त्यांनी नापास केल्या. "सात नंबर, डावा हात नुसता शोभेला. नऊ नंबर, पंचाशी भांडण्यात वेळ जातो."

"पप्पा, सगळ्या नापास केल्या तर मी घेऊ कुणाला?"

"ही घे, बावीस नंबर. पडलेल्याला हात देऊन उठवते, प्रत्येक वेळी. सुटलेल्या बॉलमागं तीच पळते."

"त्याला गुण नसतात हो!"

"काहून नसतात? असायला पाहिजेत," रामटेके म्हणाले आणि त्यांनी बावीस नंबरसमोर दोनदा बरोबरची खूण केली. आतून बेबी ओरडली, "माझ्या पोळीला तेहेतीस वर्षांत एक खूण नाही, आणि अमेरिकेच्या पोरीला दोन!" किती तरी दिवसांनी त्या घरात तिघंही एकदम हसले.

मग चौथ्या दिवशी चौदा नंबर आली.

उंच, हडकुळी पोरगी. डाव्या गुडघ्याला काळा पट्टा. यशोधरानं तिची मॅच लावलीच नाही. "हिला सोडा. अ‍ॅव्हरेज दहा. घ्यायची नाही."

"पट्टा कशाचा आहे?"

"तेच," यशोधरा म्हणाली. "माझंच. या सीझनच्या आदल्या वर्षी झालं होतं." आणि ती पाणी प्यायला उठून गेली.

रामटेक्यांनी तिची वही ओढली. बाकीच्या बाराजणींचे यशोधरानं महिन्यामहिन्याचे तुकडे पाडले होते. घरच्या मॅच वेगळ्या, बाहेरच्या वेगळ्या, शेवटची दहा मिनिटं वेगळी. चौदा नंबरसमोर मात्र एकटा आकडा, दहा. बस. त्यांना ते टोचलं. त्यांनी पोरीला हाक मारली नाही. कॉम्प्युटर त्यांना जेमतेम चालवता यायचा, पण चाळीस मॅचचे आकडे समोरच होते. त्यांनी ते एकाखाली एक डायरीत उतरवले. चार, तीन, पाच, चार. असं वीस मॅच. आणि पुढं पंधरा, सतरा, सोळा, अठरा. तेही वीस मॅच. म्हातारा खुर्चीत ताठ झाला.

"यशू! इकडं ये. हा कोणत्या शहाण्यानं लॉट मिसळला?"

ती दारात आली.

"पहिल्या वीस मॅच हिला दहा-दहा मिनिटं खेळवलं. नुकती उठलेली पोरगी. चारचा आकडा. पुढच्या वीसमध्ये पूर्ण खेळवलं, सोळाचा आकडा. तू दोन्ही एका टोपल्यात टाकले आणि दहा काढले. अगं, पूर्ण सीझनमध्ये हिनं एकदाही दहा केलेले नाहीत! हा दहा आहे तरी कुणाचा?"

यशोधरानं पुढं होऊन वही मिटली.

"बाराजणींचे एवढे तुकडे पाडले तू. हिचेच काहून नाही पाडले?"

"कारण मला माहीत होतं," ती म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला. "मला माहीत होतं पप्पा, दुसरा लॉट चांगला आहे म्हणून. ती परत आलीय. बघायचंच नव्हतं मला. ती येऊ शकते, मग मी काहून..." तिनं वाक्य सोडलं. "तुम्हीच बोलला होता ना तेव्हा. संपला म्हणून. तुम्ही कधी चांगला माल नापास करत नाही. सगळे म्हणतात."

कूलर घरघरत होता. रामटेक्यांनी पेन्सिल कानावरून काढली आणि टेबलावर ठेवली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते लपवायची अक्कल त्यांना त्या वेळी सुचली नाही.

"यशू, नथ्थू मामाचा माल मी तेहेतीस वर्षांत एकदाही तपासला नाही. आपल्या माणसाचा लॉट आपण पाहायचा नाही. डोळा खरं पाहत नाही. माया पाहते, नाही तर भीती पाहते. आणि तुझ्या वेळेला मीच टेबलावर बसलो. घाबरलो होतो गं. बापाची भीती होती ती, एग्झामिनरचा शिक्का नव्हता. मला तो हक्कच नव्हता. चुकलो मी."

यशोधरा खाली बसली आणि बापाच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. बेबी चहा घेऊन आली, दोघांकडं पाहिलं, आणि कप न वाजवता ठेवून परत गेली.

"मग आता सांगा ना," पोरगी डोळे पुसत म्हणाली. "मी खेळू शकते का?"

रामटेक्यांच्या ओठांवर आलं होतं, हो, खेळू शकते, उद्याच जा. पण ते अडखळले. तेही तपासणं झालंच की. "ते मी नाही सांगणार," ते म्हणाले. "काल नाही म्हणायचा हक्क नव्हता, तर आज हो म्हणायचा कुठून येईल? दुसऱ्या टेबलावर जाऊ दे."

"दुसरं टेबल कुठाय आपल्याकडं?"

रात्रभर त्यांना तेच लागून राहिलं.

रविवारी सकाळी दहाला ड्राफ्ट. पडद्यावर पाच चौकटींत पाच मैत्रिणी. रामटेके कॅमेऱ्याच्या बाहेर खुर्ची टाकून बसले, तरी प्रणोतीनं त्यांना पकडलंच. "नमस्ते अंकल! छुपके बैठे हो क्या?" ही प्रणोती यशोधराची जुनी जोडीदारीण. शहरालगतच्या रिछाईतल्या एका कारखान्यात इंजिनियर, आणि सहाजणींत ती एकटीच यशोधरासारखी अजून जबलपुरात. दर रविवारी सकाळी कॉलनीच्या जुन्या कोर्टवर खेळायची, आणि वर्षभर दर शनिवारी यशोधराला न चुकता मेसेज टाकायची, "येतेस?" उत्तर कधी यायचं नाही.

यशोधरानं हेरॉन्स वाचायला घेतली. तीन नंबरचा दम, सात नंबरचा डावा हात. चौदा नंबरवर येऊन तिनं वहीचं पान उलटलं. "हिचे दोन लॉट आहेत," ती म्हणाली. "पहिल्या वीस मॅच वेगळ्या काढा. त्या नुकत्या उठलेल्या पोरीच्या आहेत. पुढच्या वीस पाहा, सोळाचा आकडा आहे. एकत्र केलं तर ना तिचं खरं कळतं, ना तुमचं." ती खरं वाचत होती, पण मनात आशा होती की ऑपरेशन झालेल्या गुडघ्याला कुणी हात लावणार नाही आणि ती आपल्यालाच मिळेल. रामटेक्यांनाही तीच आशा होती. आठवड्यात चौदा नंबर त्यांच्या घरचीच झाली होती.

दोन फेऱ्या झाल्या. बाकीच्यांनी मोठमोठी नावं उचलली. तिसऱ्या फेरीत यशोधराच्या आधी प्रणोतीची पाळी आली.

"हेरॉन्सची चौदा नंबर," प्रणोती म्हणाली.

"अगं ए!" यशोधरा खुर्चीतून उठलीच. "ती माझी होती! मी शोधली तिला! सगळे म्हणत होते संपली, संपली, पण ती परत आलीय, सोळा मारतेय, तुला काय माहीत तिनं काय सोसलंय ते!"

रामटेके पोरीकडं बघत राहिले. दोन वर्षांत एवढ्या मोठ्यानं ती कशासाठीच भांडली नव्हती.

"अच्छा, अच्छा, बैठ जा," प्रणोती म्हणाली. तिचे डोळे बारीक झाले होते.

शेवटची फेरी आली, घरच्या गड्याची. या फेरीला नव्यानं चिठ्ठ्या पडायच्या, आणि पहिली चिठ्ठी प्रणोतीची निघाली. सगळ्यांना ठाऊक होतं ती कुणाला घेणार. वैभवी पुण्यात ऑफिसच्या टीमकडून मॅचला वीस पॉइंट करायची. तिला सोडेल ती वेडीच.

"यशोधरा," प्रणोती म्हणाली.

"कोण?" वैभवीनं विचारलं.

"यशोधरा रामटेके. लिस्ट में नहीं है तो लिख लो."

"पागल है क्या?" यशोधरा म्हणाली. "मी खेळत नाही."

"माहीत आहे मला. सुरुवातीला दहा-दहा मिनिटं खेळशील, चार पॉइंट करशील. तो पहिला लॉट. मी तो वेगळा काढून ठेवणार. तूच वाचलं ना आत्ता? मला घाई नाही. माझ्याकडं आता दोन्ही गुडघे आहेत, तिचा पण आणि तुझा पण. पुढच्या रविवारी सहाला कोर्टवर ये. नाही आली तर माझे गुण शून्य, आणि मग मी तुझ्या दारात येऊन जो तमाशा करेन ना, अख्खी कॉलनी बघेल."

यशोधरानं वळून बापाकडं पाहिलं. रामटेक्यांनी दोन्ही हात वर केले. "माझ्याकडं पाहू नको," ते म्हणाले. चेहरा उजळला होता. "लॉट दुसऱ्या टेबलावर गेलाय. तिथं पास झालाय. मला काय विचारतेस?"

यशोधरानं नाक पुसलं. "दहा मिनिटं फक्त," ती पडद्याकडं बघून म्हणाली. "चलो. लिही माझं नाव."

पुढच्या रविवारी खिळा मोकळा झाला. सहाला पाच मिनिटं कमी असताना रामटेके, बेबी आणि यशोधरा कोर्टवर पोचले. प्रणोती आणि आणखी सातआठ पोरी आधीच बॉल आपटत होत्या. यशोधरानं बूट बांधले, सोडले, पुन्हा बांधले, आणि आत गेली. बेबी जाळीला नाक लावून उभी राहिली. रामटेके मात्र कोर्टच्या कठड्यावर जाऊन बसले ते पाठ फिरवून, रस्त्याकडं तोंड करून.

"हे काय?" बेबी म्हणाली. "इकडं तोंड करा ना!"

"नाही. माझा लॉट नाही तो."

पण डोळे फिरवले तरी कान कुठं फिरतात? तेहेतीस वर्षं ते कान टिचकीवर पोसले होते. पहिली उडी त्यांना ऐकू आली. धप, धप. दोन आवाज. उजवा पाय आधी, डावा मागून, भीतभीत. त्यांचा हात आपोआप खिशातल्या पेन्सिलीकडं गेला. त्यांनी तो मांडीखाली दाबून ठेवला. दुसरी उडी, तेच. तिसरी, तेच. प्रणोतीचा आवाज आला, "कोई बात नहीं, पहला लॉट है!" पोरी हसल्या. त्यात यशोधराचं हसू त्यांनी बरोबर ओळखलं.

किती वेळ गेला कोण जाणे. रस्त्यानं दूधवाला गेला, ऊन कठड्यावर आलं. आणि मग पळत आलेल्या बुटांची चरचर, एक क्षण काहीच नाही, आणि धप. एकच. दोन्ही पाय एकदम.

तरी रामटेके वळले नाहीत.

"पप्पा!" मागून हाक आली, धापा टाकत. "बघा ना इकडं!"

"नियम आहे बेटा!"

"तपासायचा आहे ना नियम? तपासू नका! नुसतं बघा!"

आता याला काय म्हणणार? बापानं पोरीला नुसतं बघू नये, असा नियम कोणत्याच फॅक्टरीत नव्हता. रामटेके कठड्यावरून पाय फिरवून वळले. घामानं निथळलेली त्यांची पोरगी बॉल घेऊन धावत आली, उडाली, वरच्या वर हात लांबवला आणि खाली आली. बॉल कडीला लागून भलतीकडंच गेला. रामटेके उभे राहून टाळ्या पिटू लागले.

"अंकल, चुकला तो!" प्रणोती ओरडली.

"चुकू दे," रामटेके म्हणाले. "उतरली कशी, ते पाहिलं का?"